व्यसनमुक्तीनंतर राहायचे कुठे? बंगळुरूपुढील निवाऱ्याचा प्रश्न

व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडणाऱ्या रुग्णाच्या हाती साधारणपणे तीन गोष्टी असतात : औषधांची चिठ्ठी, पुढील तपासणीची तारीख आणि नशेपासून दूर राहण्याचा निश्चय. त्या रात्री मुक्काम कुठे करायचा, या चौथ्या प्रश्नाचे उत्तर मात्र अनेकांजवळ नसते. कुणाला घरच्यांनी दार बंद केलेले असते, कुणाची भाड्याची खोली सुटलेली असते, तर कुणाचे घर नेमके अशा गल्लीत असते जिथे सायंकाळी पुन्हा तीच मंडळी जमतात. माहिती तंत्रज्ञानाची राजधानी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बंगळुरूत मेंदू आणि मनाच्या आजारांवर उपचार करणारी देशातील अग्रगण्य संस्था आहे. तरीही उपचार संपल्यानंतरच्या निवाऱ्याचा प्रश्न या शहरात अद्याप अनुत्तरितच आहे.

हा प्रश्न वरवर पाहता समाजकल्याणाचा वाटतो. वस्तुतः तो वैद्यकीय उपचारांच्या यशापयशाशी थेट निगडित आहे.

उपचारांपर्यंत पोहोचणारे थोडे

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाच्या वतीने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. १० ते ७५ या वयोगटातील १४.६ टक्के लोक, म्हणजे सुमारे १६ कोटी भारतीय, मद्यपान करतात, असे या पाहणीत आढळले. त्यांपैकी सुमारे ५ कोटी ७० लाख व्यक्तींना दारूच्या समस्येसाठी मदतीची आवश्यकता आहे. अफूजन्य पदार्थांच्या बाबतीत अशा व्यक्तींची संख्या सुमारे ७७ लाख आहे.

याच अहवालातील आणखी एक आकडा अधिक बोलका आहे. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ व्यक्तींपैकी केवळ एकीला कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचे उपचार मिळतात. रुग्णालयात अथवा केंद्रात दाखल होऊन उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण तर १८० मध्ये एक इतके अल्प आहे. बंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य आणि मज्जाविज्ञान संस्थेने, म्हणजेच निमहान्सने, २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातही मद्यविकारांच्या उपचारांतील तूट ८६ टक्क्यांहून अधिक असल्याचे दिसून आले होते.

इतक्या चाळण्यांतून पार होऊन जो रुग्ण अखेर दाखल होतो, त्याच्यावर डॉक्टर, परिचारिका, समुपदेशक यांचे श्रम आणि शासनाचा वा कुटुंबाचा पैसा खर्च होतो. महिन्याभरानंतर त्याला जुन्याच वातावरणात परत पाठवल्यास ही सारी गुंतवणूक धोक्यात येते.

पहिले नव्वद दिवस

व्यसन पुन्हा सुरू होण्याचा काळ कोणता, याचा अभ्यास अमेरिकेत १९७१ मध्ये हंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला होता. हेरॉईन, तंबाखू आणि दारू या तिन्ही व्यसनांचे आलेख त्यांनी शेजारी शेजारी मांडले, तेव्हा ते आश्चर्यकारकरीत्या सारखे निघाले. पुन्हा व्यसनाकडे वळलेल्यांपैकी बहुतेक जण पहिल्या तीन महिन्यांतच घसरले होते. त्यानंतर आलेखाचा उतार मंदावत जातो. याचा अर्थ, उपचारानंतरचे पहिले नव्वद दिवस जो निभावून नेतो, त्याची पुढील वाट तुलनेने सोपी होते.

या काळात शरीरातील विष उतरलेले असते. परंतु मेंदूला लागलेल्या सवयी शिल्लक असतात. ठरावीक वेळ, ठरावीक वळण, जुना मित्र, पगाराचा दिवस, बाटल्या ठेवण्याचा आवाज यांपैकी कोणत्याही गोष्टीने ओढ जागी होऊ शकते. भूक, राग, एकाकीपणा आणि थकवा या चार अवस्थांत रुग्णाने विशेष सावध राहावे, असे स्वमदत गटांत सांगितले जाते. बेघर अथवा एकट्या राहणाऱ्या मजुराच्या आयुष्यात या चारही अवस्था रोज सायंकाळी एकाच वेळी हजर असतात. अशा माणसाला केवळ मनोनिग्रहाचा उपदेश करणे म्हणजे पुरात उभ्या असलेल्याला पाय घट्ट रोवण्यास सांगण्यासारखे आहे.

वैद्यकशास्त्रही आता व्यसनाधीनतेकडे दीर्घकालीन आजार म्हणून पाहते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका बहुचर्चित लेखात मॅकलेलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्यसनाची तुलना मधुमेह, उच्च रक्तदाब आणि दमा यांच्याशी केली होती. या आजारांतही रुग्ण औषधे सोडतात, पथ्य मोडतात आणि पुन्हा आजारी पडतात. परंतु त्यांना कोणी नालायक ठरवत नाही. दीर्घकालीन आजाराला दीर्घकालीन देखरेख लागते आणि देखरेखीसाठी आधी रुग्णाचा ठावठिकाणा असावा लागतो.

मधल्या घराची कल्पना

रुग्णालय आणि स्वतःचे घर यांच्या मधल्या या निवासाला 'हाफ-वे होम' असे म्हटले जाते. इथे राहणारा रुग्ण नसतो, मात्र पूर्णपणे स्वतंत्रही नसतो. सकाळी ठरलेल्या वेळी उठणे, झाडलोट आणि स्वयंपाक यांत वाटा उचलणे, औषधे वेळेवर घेणे, दिवसा कामावर जाणे अथवा काम शोधणे, सायंकाळी परत येऊन गटाच्या बैठकीस बसणे आणि पगारातील काही भाग बाजूला टाकणे, असा हा दिनक्रम असतो. वर्षानुवर्षे दिवसाची घडी विसरलेल्या माणसाला ती पुन्हा बसवून देणे, हे या निवासाचे मुख्य कार्य होय.

ही कल्पना बंगळुरूला नवी नाही. मनोरुग्णांसाठीच्या अशा निवासांची देशातील अगदी आरंभीची उदाहरणे याच शहरातील आहेत. मेडिको-पास्टोरल असोसिएशन या संस्थेने १९७० च्या दशकात येथे हाफ-वे होम चालवण्यास प्रारंभ केला. पुढे १९८६ मध्ये रिचमंड फेलोशिप सोसायटीची भारतीय शाखा बंगळुरूतच स्थापन झाली. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी सुरू झालेल्या फ्रीडम फाउंडेशनने व्यसनाधीनांच्या पुनर्वसनापासून आरंभ केला आणि नंतर एचआयव्हीबाधितांच्या निवासी शुश्रूषेचे कार्यही हाती घेतले. निमहान्सचे व्यसनोपचार केंद्र देशभरातील डॉक्टरांना प्रशिक्षण देते. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या स्वमदत चळवळीच्या बैठका शहरात अनेक ठिकाणी भरतात.

म्हणजे ज्ञान आहे, अनुभव आहे आणि कार्यकर्तेही आहेत. उणीव आहे ती संख्येची आणि परवडण्याची. खासगी केंद्रांतील दीर्घ वास्तव्याचा खर्च बांधकाम मजुराच्या, हमालाच्या किंवा वस्त्रोद्योगातील कामगाराच्या आवाक्याबाहेरचा आहे. शासकीय अनुदानावर चालणाऱ्या केंद्रांचा भर मुख्यतः काही आठवड्यांच्या निवासी उपचारांवर असतो.

२०२० च्या टाळेबंदीने ही पोकळी ठळकपणे दाखवून दिली. मार्चच्या अखेरीस मद्यविक्री एकाएकी बंद झाली, तेव्हा दारू थांबल्यामुळे फेफरे आणि भ्रमाची लक्षणे दिसणाऱ्या रुग्णांचे प्रमाण वाढल्याची नोंद बंगळुरूतील डॉक्टरांनी केली. ४ मे रोजी दुकाने पुन्हा उघडली आणि पहिल्याच दिवशी कर्नाटकात सुमारे ४५ कोटी रुपयांची मद्यविक्री झाली. जवळपास सहा आठवडे दारूविना राहिलेली माणसे सांभाळून ठेवण्याची कोणतीही व्यवस्था त्या वेळी अस्तित्वात नव्हती.

कायदा आहे, इमारती नाहीत

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि मे २०१८ पासून अमलात आला. मद्य आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश या कायद्याने मानसिक आजाराच्या व्याख्येतच केला आहे. त्यातील १८ व्या कलमानुसार हाफ-वे होम, संरक्षित निवास आणि साहाय्यित निवास या सेवा उपलब्ध करून देणे शासनाचे कर्तव्य ठरते. कुटुंब स्वीकारत नाही अथवा समाजात सोय नाही, एवढ्याच कारणास्तव कोणालाही उपचारसंस्थेत डांबून ठेवता येणार नाही, असे १९ वे कलम सांगते. समाजात राहण्याचा हक्क कायद्याने मान्य केला आहे. पण हक्क बजावण्यासाठी जागा लागते आणि ती निर्माण करण्याची गती अत्यंत मंद आहे.

शहरी बेघरांसाठी असलेले रात्रनिवारे ही पोकळी भरून काढू शकतील काय, असा प्रश्न स्वाभाविकपणे उपस्थित होतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये अन्नाच्या हक्काविषयीच्या खटल्यात मोठ्या शहरांना दर एक लाख लोकसंख्येमागे एक कायमस्वरूपी निवारा उभारण्याचे निर्देश दिले. त्यानंतर राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात निवाऱ्यांची योजना समाविष्ट झाली. वृद्ध, मनोरुग्ण आणि आजारातून सावरणारे बेघर यांच्यासाठी विशेष निवाऱ्यांची कल्पनाही त्यात मांडण्यात आली होती.

तथापि, सर्वसाधारण रात्रनिवारा आणि व्यसनातून सावरणाऱ्यांचा निवास यांत मूलभूत अंतर आहे. रात्रनिवाऱ्यात डोक्यावर छप्पर मिळते. परंतु शेजारच्या अंथरुणावरचा माणूस नशेत असण्याची शक्यता नाकारता येत नाही. तिथे औषधांची नोंद ठेवणारे, ओढ अनावर झाल्यास रात्री दोन वाजता बोलण्यासाठी जागे राहणारे कोणी नसते. नुकतीच दारू सोडलेल्या माणसासाठी असा निवारा कधी कधी रस्त्याइतकाच असुरक्षित ठरू शकतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये बृहत् बंगळुरू महानगरपालिकेच्या जागी ग्रेटर बंगळुरू प्राधिकरण आणि त्याखालील पाच महापालिका अस्तित्वात आल्या. नव्या रचनेत निवाऱ्यांची जबाबदारी, आरोग्य खात्याशी समन्वय आणि निधीची वाटणी यांची घडी नव्याने बसवावी लागणार आहे. व्यसनमुक्तांच्या निवासाचा विषय याच टप्प्यावर आराखड्यात आला नाही, तर तो पुन्हा खात्याखात्यांच्या सीमेवर अडकून पडण्याची भीती आहे. आरोग्य खाते त्याला समाजकल्याणाचा विषय मानते, समाजकल्याण खाते त्याला आरोग्याचा मानते आणि महापालिका दोघांकडे बोट दाखवते, असे होऊ नये.

महाराष्ट्राचा अनुभव

या संदर्भात महाराष्ट्रातील दोन संस्थांचे कार्य उद्बोधक आहे. मुंबईच्या वांद्रे येथे फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये कृपा फाउंडेशनची स्थापना केली. चर्चच्या आवारात सुरू झालेल्या या कार्यात स्वमदत गटांच्या पद्धतीला अय्यंगार योगाची जोड देण्यात आली. पुढे देशाच्या विविध भागांत तिची केंद्रे उभी राहिली. एकत्र निवास, सामूहिक दिनक्रम आणि बरे झालेल्यांनी नव्याने आलेल्यांचा हात धरणे, हे तिचे सूत्र आहे.

पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवडा मनोरुग्णालयाच्या परिसरात सुरू झाले. डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांच्या या उपक्रमामागे पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांचे पाठबळ होते. गर्दच्या विळख्यात सापडलेल्या तरुणांविषयी अनिल अवचट यांनी केलेले लेखन त्यास निमित्त ठरले. मुक्तांगणमधील उपचार ३५ दिवसांचे असले, तरी संस्थेने त्यानंतरच्या पाठपुराव्याला प्रारंभापासून महत्त्व दिले. रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' गट, गावोगावचे पाठपुरावा मेळावे, उपचारानंतरही काही काळ आधार लागणाऱ्यांसाठी निवासाची सोय आणि २००९ मध्ये स्त्रियांसाठी सुरू झालेला 'निशिगंध' हा स्वतंत्र विभाग हे त्या विचाराचेच विस्तार आहेत. तेथील अनेक कार्यकर्ते स्वतः एकेकाळचे रुग्णमित्र आहेत.

'सहचरी'चा अनुभव एका दुर्लक्षित बाजूकडे लक्ष वेधतो. पुनर्वसनाची चर्चा होते तेव्हा घरी परतणे हेच अंतिम यश मानले जाते. परंतु वर्षानुवर्षे मारहाण, कर्ज आणि अपमान सोसलेल्या पत्नीसाठी पती तीस दिवसांत 'बरा' होऊन उंबरठ्यावर येणे, हा आनंदाचा तसाच धास्तीचाही क्षण असतो. तिचा विश्वास परत येण्यास वेळ लागतो आणि तो वेळ मागण्याचा तिला अधिकार आहे. मधले घर असेल, तर पती सहा महिने शुद्धीवर राहून, पगार घरी पाठवून आणि रविवारी मुलांना भेटून आपली विश्वासार्हता सिद्ध करू शकतो. या दृष्टीने हा निवारा केवळ व्यसनमुक्तांचा राहत नाही, तो त्यांच्या कुटुंबीयांचाही होतो.

स्त्रियांच्या बाबतीत ही गरज अधिक तीव्र आहे. राष्ट्रीय पाहणीनुसार मद्यपान करणाऱ्यांचे प्रमाण पुरुषांत २७.३ टक्के, तर स्त्रियांत १.६ टक्के आहे. संख्या कमी असल्याने स्त्रियांसाठी स्वतंत्र सोयी दुर्मीळ राहतात आणि कलंक मात्र अनेक पटींनी मोठा असतो. पुरुषाला घर परत स्वीकारण्याची शक्यता असते. स्त्रीच्या वाट्याला अनेकदा तीही येत नाही.

गावाचे शिबिर, शहराची अडचण

कर्नाटकातच याहून वेगळी एक पद्धत रुजली आहे. श्री क्षेत्र धर्मस्थळ ग्रामीण विकास योजनेच्या वतीने राज्यभर मद्यवर्जन शिबिरे भरवली जातात. साधारण आठवडाभराच्या या शिबिरासाठी गावातील सभागृहाचाच उपयोग होतो. ग्रामस्थ वर्गणी आणि धान्य देतात, वैद्यकीय देखरेख असते, योग, भजन आणि समुपदेशन चालते आणि अखेरीस कुटुंबीयांच्या उपस्थितीत समारोप होतो. त्यानंतर शिबिरार्थींच्या नवजीवन समित्या नियमित बैठका घेतात.

या पद्धतीचे बळ गावाच्या सहभागात आहे. संपूर्ण गावासमक्ष दारू सोडलेला माणूस पुन्हा पिऊ लागल्यास गावच त्याला विचारते. परंतु बंगळुरूसारख्या महानगरात हे बळ सहजासहजी मिळत नाही. रायचूर, कलबुर्गी, बिहार, ओडिशा किंवा मराठवाड्यातून आलेल्या मजुराला ओळखणारा शेजार इथे नसतो. त्यासाठी शहराला कृत्रिमरीत्या एक लहानसे गाव उभारावे लागते, आणि सामुदायिक निवास म्हणजे तेच गाव होय.

इथे भाषेचा प्रश्नही उद्भवतो. ज्वराचे औषध कोणत्याही भाषेत लागू पडते; समुपदेशन मात्र भाषेतूनच घडते. मनातील लाज, अपराधीपणा आणि भीती माणूस आपल्या बोलीतच व्यक्त करू शकतो. कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू, हिंदी आणि शहाजीराजांच्या काळापासून या शहरात वावरणारी मराठी, अशा बहुभाषी बंगळुरूत एकाच भाषेत चालणारा निवास अनेकांना परकाच वाटेल.

अमेरिकेतील प्रयोग

कमी खर्चात असे निवास चालू शकतात काय, याचे एक उत्तर अमेरिकेतील ऑक्सफर्ड हाऊस या चळवळीत सापडते. १९७५ मध्ये मेरिलँड राज्यातील सिल्व्हर स्प्रिंग येथील एक हाफ-वे होम बंद होणार होते. तेथील रहिवाशांनी ती इमारत स्वतःच भाड्याने घेतली. तीन नियम ठरले : कारभार मतदानाने चालेल, भाडे आणि खर्च सर्वांनी वाटून द्यायचा आणि जो पुन्हा नशा करील त्याला घर सोडावे लागेल. मुक्कामाला कालमर्यादा ठेवली नाही. पगारी व्यवस्थापक नेमला नाही. आज या पद्धतीची हजारो घरे अस्तित्वात आहेत.

शिकागोच्या डीपॉल विद्यापीठातील लिओनार्ड जेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या घरांचा पद्धतशीर अभ्यास केला. निवासी उपचार पूर्ण केलेल्या १५० जणांना चिठ्ठी पद्धतीने दोन गटांत विभागण्यात आले. एका गटाला ऑक्सफर्ड हाऊसमध्ये जागा मिळाली, तर दुसऱ्याला नेहमीची पाठपुरावा सेवा. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन वर्षांनंतर पहिल्या गटातील ३१.३ टक्के, तर दुसऱ्या गटातील ६४.८ टक्के जण पुन्हा नशा करीत होते. पहिल्या गटाचे मासिक उत्पन्नही दुपटीहून अधिक होते.

अमेरिकेतील हे निष्कर्ष जसेच्या तसे भारताला लागू होतील, असे मानणे घाईचे ठरेल. तेथील रोजगार, भाडेकरार आणि कुटुंबरचना भिन्न आहे. तरीही निवास हा स्वतःच उपचाराचा एक भाग असतो, हा त्यातील गाभा दुर्लक्षिण्याजोगा नाही.

घसरलेल्याचे काय करायचे?

या चळवळीचा तिसरा नियम मात्र वादाचा आहे. नशा केली की घराबाहेर, हा नियम इतर रहिवाशांच्या रक्षणासाठी आवश्यक मानला जातो. एकाने बाटली आणली, तर दहा जणांचा निश्चय डळमळतो, यात तथ्य आहे. परंतु बाहेर काढलेल्या माणसाचे पुढे काय होते? हेरॉईनसारख्या पदार्थांच्या बाबतीत काही आठवडे दूर राहिल्यावर शरीराची सहनशक्ती घटलेली असते. पूर्वीचीच मात्रा त्या वेळी जीवघेणी ठरू शकते. म्हणजेच ज्या रात्री त्याला घराबाहेर काढले जाते, तीच त्याच्यासाठी सर्वाधिक धोक्याची रात्र असते.

यावर मध्यम मार्ग शक्य आहे. घसरलेल्या व्यक्तीला निवासातून हलवावे, परंतु रस्त्यावर नव्हे तर रुग्णालयात. आणि प्रकृती स्थिर झाल्यावर त्याला परतण्याची वाट मोकळी असावी. त्यासाठी प्रत्येक निवास एखाद्या रुग्णालयाशी कायमस्वरूपी जोडलेला असणे आवश्यक आहे. निमहान्स, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि वैद्यकीय महाविद्यालये असलेल्या बंगळुरूत हे अशक्य नाही. त्याचप्रमाणे अफूजन्य पदार्थांच्या व्यसनावर डॉक्टरांच्या देखरेखीखाली ब्युप्रेनॉर्फिनसारखे औषध घेणाऱ्याला 'अजून नशेतच आहे' असे म्हणून प्रवेश नाकारणे वैद्यकीयदृष्ट्या चुकीचे आहे.

बंद दारांचा धोका

निवारे वाढवताना एका धोक्याचे भान ठेवणे अगत्याचे आहे. 'व्यसनमुक्ती केंद्र' या नावाखाली माणसांना कोंडून ठेवणे, मारहाण करणे आणि घरच्यांशी संपर्क तोडणे, असे प्रकार देशाच्या अनेक भागांत उघडकीस आले आहेत. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण मृत्युमुखी पडले होते. बंगळुरूच्याच भिक्षेकरी पुनर्वसन केंद्रात ऑगस्ट २०१० मध्ये अल्पावधीत अनेक निराश्रितांचे मृत्यू झाले आणि मोठी खळबळ उडाली. निवाऱ्याच्या हेतूने उभारलेली वास्तू देखरेखीअभावी कोंडवाडा बनू शकते, हा त्यातील धडा आहे.

२०१७ च्या कायद्याने साखळदंडांवर बंदी घातली आणि मानसिक आरोग्य आस्थापनांना नोंदणी सक्तीची केली. परंतु केवळ नोंदणीपत्राने माणूस सुरक्षित होत नाही. रहिवाशाला हवे तेव्हा बाहेर जाता येते का, घरी दूरध्वनी करता येतो का, तक्रार ऐकणारे बाहेरचे कोणी आहे का आणि खर्चाचा हिशेब उघड आहे का, या चार प्रश्नांची उत्तरे प्रत्येक निवासाने देणे आवश्यक आहे. सामुदायिक निवाऱ्याची खरी ओळख त्याच्या दारावरून पटते : कडी आतून असेल तर ते घर, बाहेरून असेल तर तो तुरुंग.

पैसा आणि अनामत

खर्चाचा मुद्दा नेहमी पुढे केला जातो. कर्नाटकाने १ जुलै २००७ पासून अरक या स्वस्त गावठी मद्यावर बंदी घातली. मात्र विदेशी बनावटीच्या मद्याची घाऊक विक्री राज्याच्या महामंडळामार्फतच होते. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात राज्याने उत्पादन शुल्कापासून ४० हजार कोटी रुपयांच्या महसुलाचे उद्दिष्ट ठेवले होते. ज्या वस्तूपासून शासनाला इतका महसूल मिळतो, त्या वस्तूने उद्ध्वस्त झालेल्यांच्या निवाऱ्यासाठी निधी नाही, असे म्हणणे कठीण आहे.

शिवाय या कामाला लागणारा पैसा खर्चच व्हावा असेही नाही. बंगळुरूत घर भाड्याने घेताना दहा महिन्यांच्या भाड्याएवढी अनामत मागण्याची प्रथा दीर्घकाळ चालत आली आहे. अलीकडे काही ठिकाणी ती सौम्य झाली असली, तरी हातावर पोट असणाऱ्यासाठी ही रक्कम म्हणजे भिंतच आहे. उदाहरणादाखल, ३० हजार रुपये भाड्याचे घर सहा जणांनी मिळून घेतले, तर प्रत्येकाच्या वाट्याला दरमहा पाच हजार रुपये येतात. काम करणाऱ्या माणसाला ते पेलवू शकतात. त्यापूर्वी एकरकमी तीन लाख रुपये उभे करणे मात्र त्या सहा जणांना शक्य होत नाही.

अमेरिकेने १९८८ च्या कायद्याद्वारे नेमक्या याच अडचणीवर फिरता निधी हा उपाय योजला होता. एकत्र राहू इच्छिणाऱ्या किमान सहा जणांच्या गटाला घर सुरू करण्यासाठी चार हजार डॉलरपर्यंत कर्ज दिले जाई आणि फेडीतून ते पुढच्या गटाला मिळे. उत्पादन शुल्काच्या उपरोक्त उद्दिष्टाचा पाव टक्का, म्हणजे १०० कोटी रुपये, अशा अनामत निधीत ठेवले, तर वरील हिशेबाने तीन हजारांहून अधिक घरे आणि सुमारे २० हजार व्यक्तींची सोय होऊ शकते. घर सोडताना अनामत परत येत असल्याने निधीचा बराचसा भाग शाबूत राहील. ज्यांना अद्याप कमावता येत नाही अशांसाठी अनुदानित निवास लागतीलच. परंतु कमावत्यांची वाट मोकळी झाली, तर त्या निवासांवरील ताण हलका होईल.

पैशाइतकाच कठीण अडसर शेजाऱ्यांच्या विरोधाचा आहे. 'दारुडे इथे नकोत' ही प्रतिक्रिया समजण्यासारखी असली, तरी दारू पिणारे त्या वस्तीत आधीपासूनच असतात. फरक इतकाच, की या घरात राहणारे ती न पिण्याचा प्रयत्न करीत असतात. घरमालकाला अनामतीची शाश्वती आणि शेजाऱ्यांना तक्रारीसाठी जबाबदार संस्थेचे नाव मिळाल्यास हा विरोध बऱ्याच अंशी निवळू शकेल.

केंद्र सरकारने १५ ऑगस्ट २०२० पासून २७२ जिल्ह्यांत नशामुक्त भारत अभियान सुरू केले. जनजागृतीच्या आघाडीवर त्याचा उपयोग आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ या दूरध्वनी मदत सेवा उपलब्ध आहेत. यांपैकी दुसऱ्या सेवेचे शीर्ष केंद्र निमहान्स आहे. परंतु दूरध्वनीवरील समुपदेशकाने 'आज रात्री कुठे जाल?' असे विचारल्यावर पलीकडच्या माणसाला सांगण्याजोगा पत्ता हवा.

बंगळुरूने देशाला मनोविकारांच्या उपचारांचे अनेक धडे दिले आहेत. रुग्णाच्या शुश्रूषेत कुटुंबाला सामावून घेण्याची परंपरा याच शहरातील संस्थेने जोपासली. आता ज्यांना कुटुंब उरलेले नाही, अथवा ज्यांचे कुटुंब अजून तयार नाही, त्यांच्यासाठी घराची व्यवस्था करण्याची पाळी आली आहे. पाच नव्या महापालिकांपैकी प्रत्येकीने पुरुषांसाठी एक आणि स्त्रियांसाठी एक असे दोन निवास जरी रुग्णालयाशी जोडून सुरू केले, तरी अशा दहा घरांच्या अनुभवातून पुढचा मार्ग आखता येईल. दारू सोडण्याचा निर्णय माणसाला एकट्यानेच घ्यावा लागतो. तो टिकवण्याचे काम मात्र त्याच्या एकट्याचे नाही, एवढे मान्य झाले तरी हा प्रश्न सुटण्याच्या दिशेने पहिले पाऊल पडेल.